पहिल्या घाण्याचं पागोटं

फार मागची गोष्ट आहे. नदी जिथं कोपरातून दुमडल्यासारखी वळायची, तिथं एक गाव होतं आणि त्या गावात एक रंगखाना होता. गाव तसं बेताचंच, पण तिथल्या लाल रंगाचं नाव पंचक्रोशीत घेतलं जाई. वीस घरांतली माणसं त्या रंगखान्यात राबत. कुणी मंजिष्ठेच्या मुळ्या कुटायचं, कुणी कापडाला हिरडा आणि तुरटी लावायचं, कुणी तांब्याच्या मोठाल्या डेगींखाली जाळ घालायचं. रंगलेलं कापड नदीवर धुऊन निघालं की अंगणातल्या दोऱ्या लालेलाल होऊन जायच्या.

रंगखान्याच्या प्रमुखाला सगळे थोरले म्हणत. आईबापांनी नाव काहीही ठेवलेलं असो, त्या जागेवर बसला की तो थोरले. आणि थोरल्यांसाठी एक रीत होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवा हंगाम सुरू व्हायचा. त्या दिवशी पहिल्या घाण्यातून, म्हणजे डेगीच्या पहिल्या खेपेतून, जे कापड निघेल, ते थोरल्यांनी सगळ्यांदेखत ओलंच डोक्याला बांधायचं. रंग गालांवरून, मिशांवरून ओघळायचा, पोरंबाळं खिदळायची आणि थोरले तसेच गावातून फिरून यायचे. मग वर्षभर तेच पागोटं. कुणी गिऱ्हाईक रंगाबद्दल विचारायला आलं, तर थोरले नुसतं आपल्या डोक्याकडे बोट दाखवत.

आणखीही दोन गोष्टी तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या. एक म्हणजे गाठ. कापड डेगीतून निघालं की रंगवणारा माणूस त्याच्या कोपऱ्याला आपली गाठ मारायचा, म्हणजे दोरीवर कुणाचं कुठलं ते कळावं. प्रत्येकाची गाठ वेगळी, सही असावी तशी. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा नेम. रंगाला पाणी लागेल ते त्या दिवशी पहाटे नदीतून आणलेलं, ताजं. संध्याकाळी उरेल ते ओतून टाकायचं. शिळं पाणी डेगीत घालणं म्हणजे त्या रंगखान्यात पाप समजत.

आपल्या गोष्टीतले थोरले नवे होते. त्याच उन्हाळ्यात त्यांचे वडील गेले आणि कालपरवापर्यंत ज्यांना सगळे धाकटे म्हणून हाक मारत, ते एकदम थोरले झाले. माणूस वाईट नव्हता. हाताला गुण होता, कष्टाला मागे हटणारा नव्हता. पण वडिलांच्या मापाची पादत्राणं आपल्याला सैल होतात की काय, ही धाकधूक त्यांना दिवसरात्र होती. आणि अशा माणसावर संकट जरा जास्तच धावून येतं, हा तर आपला सगळ्यांचाच अनुभव आहे.

त्या वर्षी पाऊस असा कोसळला की वरच्या अंगाला डोंगराची दरड खचली. नदीची जुनी वाट बुजली. नदी काय, ती थांबते थोडीच. तिनं शेजारच्या तांबड्या टेकडीच्या पोटातून नवी वाट काढली आणि पुन्हा गावाशी येऊन पोचली. पावसाळा सरला, गाळ खाली बसला, पाणी पहिल्यासारखं नितळ दिसू लागलं. बायका एवढंच म्हणत की पाण्याला हल्ली गंजलेल्या खिळ्याची चव येते आणि घागरींना आतून तांबूस कड धरते. थोरल्यांच्या कानांवर हे गेलं होतं. त्यांनी ते कानाआड केलं.

दसऱ्याचा दुसरा दिवस उजाडला. डेगीवर हैबती होता. लाल रंगाला त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि तो थोरल्यांबरोबर याच अंगणात गोट्या खेळून मोठा झालेला. त्यानं काठीनं पहिलं कापड वर उचललं. कापड लाल नव्हतं. वांग्याच्या सालीसारखं कुठं जांभळट, कुठं तपकिरी, मध्येच करडे डाग.

हैबतीनं काठी खाली ठेवली. "जाळ तोच, मुळ्या त्याच, तुरटी म्या सोता टाकली," तो म्हणाला. "पान्यात कायतरी हाय, थोरले. चव तरी बगा."

सगळे थोरल्यांच्या तोंडाकडे पाहत होते. हेच पहिलं वर्ष, हाच पहिला घाणा. थोरल्यांना वाटलं, आता कबूल केलं तर गाव म्हणेल, बाप होता तोवर पाणी बरं होतं आणि पोरगा बसला तसं बिघडलं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पान्यात काय न्हाई. हातात हाय."

आणि त्यांनी हैबतीला डेगीवरून काढलं आणि मागच्या बाजूला लाकडं फोडायला घातलं. हैबती कुऱ्हाड घेऊन गेला. त्या क्षणी रंगखान्यात काय घडलं ते थोरल्यांना कळलं नाही, पण बाकी सगळ्यांना नीट कळलं: खरं बोललं की लाकडं.

पागोटं बांधायची वेळ आली, तेव्हा थोरले म्हणाले की कापड वाळलं की बांधतो, ओल्यानं डोकं धरतं. ते कापड त्यांनी आपली गाठ मारून बगलेत घेतलं. दुपारी सगळे भाकरी खायला पाठमोरे बसले, तेव्हा ते हळूच कोपऱ्यातल्या काळ्या रांजणाकडे गेले. हिरडा, गूळ आणि गंजकं लोखंड कुजवून केलेला काळा रंग त्यात असे. त्यात काहीही बुडवा, काळं होऊन निघतं आणि खालचा डाग कुणाच्या बापाला दिसत नाही. थोरल्यांनी कापड त्यात बुडवलं, पिळलं आणि पार टोकाच्या दोरीवर टाकलं. आपल्याला कुणी पाहिलं नाही अशी त्यांची खात्री होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डोक्यावर वडिलांचं गेल्या वर्षीचं लालभडक पागोटं दिसू लागलं.

चार दिवसांनी पाटील आले. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला देवीची जत्रा. पालखीचे भोई, निशाणवाले, दिवटीवाले, अशी शंभर माणसं लाल पागोटी बांधून निघत आणि ती पागोटी याच रंगखान्यातली असत. पाटलांनी थोरल्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग सहज बोलल्यासारखं सांगितलं की डोंगरापलीकडचे रंगारी दोनदा येऊन विचारून गेलेत. यंदा शंभराला एक जरी कमी पडलं तर काम त्यांच्याकडे जाईल, आणि एकदा गेलेलं काम परत येत नाही. देवीच्या कामावरच रंगखाना उभा होता. ते गेलं तर वीस घरांनी गाठोडी बांधून वाट धुंडाळायची, याखेरीज दुसरं काही उरणार नव्हतं.

थोरले म्हणाले, "काळजी नको."

तिथून थोरल्यांच्या पायांना भिंगरी लागली. सकाळी एक फेरी, न्याहारीला एक, ऊन चढलं की एक, कलतं झालं की एक. प्रत्येक डेगीशी थांबायचं आणि विचारायचं, "झालं का?"

समोरून एकच उत्तर यायचं, "होतंय, थोरले."

ते "होतंय" ऐकलं की थोरल्यांना घटकाभर बरं वाटे. मग पुन्हा फेरी. डेगीत डोकावून बघण्याचं मात्र ते टाळत. कशाला बघायचं, होतंय म्हणतात ना.

पूर्वी या अंगणात एका डेगीवरून दुसऱ्या डेगीवर थट्टेची फेकाफेक चालायची. कुणाच्या रंगाला तेज कमी आलं तर शेजारचा ओरडून सांगायचा की तुरटी घाल, कंजूष. आता प्रत्येकजण आपल्या डेगीला पाठ लावून उभा राहू लागला, दुसऱ्याला आत दिसू नये म्हणून. मुळ्या कुटणारे रंगवणाऱ्यांकडे बोट दाखवत, रंगवणारे हिरडा लावणाऱ्यांकडे. थोरले जवळ आले की बोलणं तुटायचं आणि ते पुढे गेले की पाठीमागे कुजबुज सुरू व्हायची. थोरल्यांना ती ऐकू यायची आणि ते आणखी चिडचिडे व्हायचे. लाकडांच्या ढिगाकडून कुऱ्हाडीचा आवाज येत असे तो वेगळाच. तो आवाज आला की माणसं आणखी खाली मान घालत.

अशात एक दिवस तेल विकणारा आपला बैल घेऊन रस्त्यानं चालला होता. कुंपणाशी थांबून त्यानं अंगणात नजर टाकली आणि विचारलं, "का हो थोरले, औंदा जत्रा देवीची हाय का शनिम्हाराजांची?"

तो हसला आणि निघून गेला. थोरले मागे वळले आणि त्यांनी कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आपल्याच अंगणातल्या दोऱ्यांकडे नीट पाहिलं. इकडून तिकडे सगळं काळं. चार-दोन जांभळट कापडं होती ती मागच्या दोरीवर, आणि लाल एकही नव्हतं. जत्रेला सोळा दिवस उरले होते.

माणसं काम आटोपून घरी गेली होती, उन्हं अजून होती. थोरले पहिल्या दोरीशी गेले आणि एका काळ्या कापडाची गाठ त्यांनी नखांनी उकलली. गाठ घट्ट असली की आत रंग शिरत नाही. आत वांग्याची साल. त्यांनी दुसरी सोडली. आत तेच. तिसरी, चौथी, दहावी. गाठी वेगवेगळ्या माणसांच्या होत्या आणि पोटात सगळ्यांच्या एकच गोष्ट होती. कापड बिघडायचं आणि बिघडलं की काळ्यात जायचं. थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एकेकाला उद्या उभं करून विचारतो, कुणी सुरू केलं हे, असं ते मनाशी घोकत होते आणि हात गाठी सोडत होते.

पार टोकाच्या दोरीवर एक कापड इतके दिवस उन्हात राहून विटलं होतं. त्याची गाठ तीन वेढ्यांची होती. थोरल्यांचा हात थांबला. ही गाठ त्यांना वडिलांनी शिकवली होती. ती सोडायची गरजच नव्हती. अंगणातलं पहिलं काळं कापड त्यांचंच होतं.

थोरल्यांचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी अशी लाज आली की तोंड धुवावंसं वाटलं.

निघताना सवयीनं त्यांनी शेवटची एक गाठ सोडली आणि डोळे चोळले. काळ्या कापडाच्या त्या गाठीत लाल होतं, खरं लाल, वडिलांच्या पागोट्यासारखं. शेपूट आत खोचलेली चपटी गाठ. चिमाबाईची.

चिमाबाई रंगखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. थोरले लहान असताना तिनंच त्यांना पंचाच्या टोकाला साधी गाठ मारायला शिकवली होती आणि ते तिला काकू म्हणत. सकाळी ती आल्याआल्या थोरल्यांनी तिला दोरीशी बोलावलं. लाजेचा काल आलेला सगळा उमाळा रात्रीतून आटला होता आणि घाई तेवढी उरली होती. चांगलं लाल निघालेलं कापड कुणी काळ्यात का बुडवेल, आणि मुळात लाल निघालं कसं, हे त्यांना आत्ताच्या आत्ता हवं होतं.

"ही गाठ तुमची ना, चिमाबाई?"

तिनं गाठीकडे पाहिलं, मग थोरल्यांच्या डोक्यावरच्या लालभडक पागोट्याकडे पाहिलं. "माझी न्हाई," ती म्हणाली. "असंल कुणाची."

तीस-पस्तीस वर्षं रोज मारलेली गाठ तिला ओळखू येईना. मागून कुऱ्हाडीचा एक घाव ऐकू आला आणि तिनं त्या दिशेला पाहून पटकन नजर वळवली. थोरल्यांनी ते पाहिलं. नदीनं पाणी बिघडवलं असेल, पण ही काकू माझ्यापुढं खोटं बोलतेय ती माझ्यामुळं, हे त्यांना तेव्हा लख्ख कळलं. ओरडून विचारलं तर ती आणखी खोल दडेल, आणि तिच्याबरोबर तो लाल रंगही.

त्यांनी काहीच विचारलं नाही. सगळ्यांना डेगीभोवती बोलावलं आणि हैबतीला हाक मारली. हैबती कुऱ्हाडीसकट आला.

"घाणा घाल, हैबती," थोरले म्हणाले. "पहिलं कापड तूच काढ."

हैबतीनं घाणा घातला. मुळ्या शिजायला लागतो तेवढा वेळ सगळे नुसते उभे होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कापड वर आलं ते अर्थातच वांग्याच्या सालीचं. थोरल्यांनी वडिलांचं पागोटं उतरवून खुंटीला अडकवलं. ते डागाळलेलं, गरम, ठिबकणारं कापड हातात घेतलं, पिळलं आणि सगळ्यांदेखत डोक्याला गुंडाळलं. जांभळट ओघळ त्यांच्या कपाळावरून मिशांत उतरले. कुणी हसलं नाही.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी असंच निघालं व्हतं," थोरले म्हणाले. "ते म्या काळ्यात बुडवलं, तुमी भाकरी खात व्हता तवा. हैबती खरं बोलला तर त्याला लाकडं फोडाया घातलं. पान्यात कायतरी हाय हे मलाबी कळत व्हतं. बाबांच्या माघारी पहिल्याच वर्सी रंग गेला म्हनतील, म्हनून भ्यालो."

कुटणाऱ्यांतला एक म्हातारा खाली बघत पुटपुटला, "बगितलं व्हतं आमी. समद्यांनी."

थोरल्यांनी मान हलवली. त्यांनी हैबतीकडून कुऱ्हाड घेतली, ती ढिगाकडे नेऊन टेकवली आणि परत येऊन सांगितलं की डेग हैबतीची. हैबती त्यांना म्हणाला नाही की झालं गेलं विसरा. तसं काही एका सकाळीत विसरलं जात नाही. तो डेगीशी जाऊन उभा राहिला, एवढंच.

बोलून झालं, तरी कुणी पुढे येईना. आणि का यावं? चार भिंतींच्या आत पागोटं बांधणं काही फार अवघड नसतं. थोरल्यांनाही ते उमगलं असावं. ते तसेच बाहेर पडले आणि भर बाजारातून पाटलांच्या घराकडे चालू लागले. दुकानांतून लोक बाहेर आले. रंगाऱ्याच्या डोक्यावर हे काय, असं एकानं विचारलं, दुसऱ्यानं त्याला कोपरखळी मारली. थोरल्यांचे कान तापले होते, पण पागोट्याला त्यांनी हात लावला नाही. पाटलांना त्यांनी सरळ सांगितलं की काळजी नको म्हणालो ते खोटं होतं, नदीचं पाणी फिरलंय, अजून एकही पागोटं तयार नाही, पंधरा दिवसांत शंभर होतीलच असं सांगता येत नाही. पाटील भडकले. थोरल्यांच्या वडिलांचं नाव काढून नाही नाही ते बोलले. शेवटी म्हणाले की जत्रेच्या आदल्या दिवशी बघू, शब्द देत नाही.

थोरले परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि पागोटं वाळून आणखीच डागाळलेलं दिसत होतं. दारातच चिमाबाई उभी होती. हातात ते काळं कापड होतं.

"गाठ माजीच हाय," ती म्हणाली.

"ठावं हाय, काकू. तू बस आधी."

ती पायरीवर बसली आणि तिनं सांगितलं. घाटाच्या बावीस पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपेनाशा झाल्या होत्या. एक दिवस पहाटे ती पाण्याला उतरलीच नाही. आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी रांजणात होतं, तेच वरच्यावर गडूनं काढून तिनं डेगीत घातलं. शिळं पाणी. आणि कापड असं लाल निघालं की ती घाबरलीच.

"आता लोक इचारनार, तुजाच कसा लाल निगाला, मंग काय सांगू?" ती म्हणाली. "हैबतीनं समदं नेमानं केलं तर त्याला लाकडं. म्या तर नेमच मोडला. म्हटलं, बुडीव काळ्यात."

थोरले उठून तिच्या रांजणाशी गेले. पाणी आजही थोडं होतं. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळाचा गाळ मुठीत काढला. तांबडा, मऊ, नवी नदी ज्या टेकडीतून येत होती त्या टेकडीच्या रंगाचा. सगळे भोवती गोळा झाले होते. ताज्या पाण्यात जे डोळ्यांना दिसत नव्हतं, ते एक रात्र राहिलं की तळाशी बसत होतं. पिढ्यान्‌पिढ्या जुन्या नदीसाठी जो नेम बरोबर होता, तोच नव्या नदीला उलटा पडला होता. आणि हे कळायला सगळ्यांत मोठी अडचण पाण्याची नव्हती. ते कळलेली बाई सतरा दिवस गप्प बसली होती, ही होती.

त्याच दिवशी गावातले असतील नसतील तेवढे रांजण, घंगाळी आणि हंडे अंगणात आले आणि पाणी भरून रात्रभर निवळायला ठेवले. दुसऱ्या दिवशी घाणे घातले तर निम्मी कापडं पुन्हा वांगी. क्षणभर सगळ्यांचे चेहरे उतरले आणि दोघांतिघांची नजर सवयीनं काळ्या रांजणाकडे गेली. थोरल्यांनी सगळ्यांत वाईट कापड उचललं आणि दाराजवळच्या, रस्त्यावरून दिसणाऱ्या दोरीवर टाकलं. ती दोरी उत्तम मालासाठी राखलेली असे. मग हळूहळू बाकीचीही तिथं येऊन पडली. शेजारी शेजारी टांगल्यावर कुणाच्याही लक्षात यावं असं होतं की बिघडलेली सगळी तीनच रांजणांतल्या पाण्याची होती. ते रांजण सकाळी डेगीशी नेताना हलले होते आणि गाळ वर आला होता. हैबतीनं एका फुटक्या माठात वाळू भरून पाणी त्यातून गाळून बघितलं, ते तर आणखीच छान निघालं. कुणीतरी पलीकडच्या डेगीवरून ओरडलं की वाळू धुऊन घाल, आळशा. किती दिवसांनी अंगणात कुणी ओरडलं होतं. थोरल्यांना भरून आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पहिला निखळ लाल घाणा निघाला तो चिमाबाईच्या डेगीतून. रीतीप्रमाणे कापड थोरल्यांचं. हैबतीनं ते त्यांच्यापुढं धरलं. थोरल्यांनी आपल्या डागाळलेल्या पागोट्याला हात लावून सांगितलं की यंदाचा पहिला घाणा हा, हा वर्षभर राहील. लाल कापड त्यांनी चिमाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"मी काय पागोटं बांदू व्हय?" चिमाबाई म्हणाली. मग तिनं त्या देखण्या लाल कापडाची घट्ट चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर हंडा घेतला. त्या दिवशी मात्र सगळे हसले.

जत्रेच्या आदल्या दिवशी पाटील आले. एक्याण्णव पागोटी तयार होती आणि नऊ कमी होती. उरलेली कापडं त्याच दिवशी घाईनं रंगवून शंभर भरवता आली असती, पण रात्रभर न निवळलेल्या पाण्यात थोरल्यांनी एकही घाणा घालू दिला नाही. नऊ कमी आहेत, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. पाटलांनी लाल कापड उन्हात धरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पालखीपुढे एक्याण्णव लाल पागोटी निघाली आणि त्यांच्या मागे नऊ डागाळलेली. ती नऊ माणसं रंगखान्यातली होती, दिवट्या धरून. पुढे थोरले, शेजारी हैबती. काही लोक हसले. डोंगरापलीकडचे रंगारीही जत्रेला आले होते. त्यांच्याकडेही तीच नदी पोचत होती आणि त्यांच्या दोऱ्याही काळ्या पडत चालल्या होत्या, हे त्यातल्या एकानं थोरल्यांना देवळामागे हळूच सांगितलं. पाणी निवळायचं कसं ते थोरल्यांनी त्याला सांगून टाकलं.

काम गेलं नाही. पाटील निघताना एवढंच म्हणाले, "पुढल्या साली शंभर पायजेत. आन कमी पडनार असतील तर असंच आधी सांगा."

नदी त्यानंतरही काही सरळ वागली नाही. एका वर्षी तिनं गढूळ पाणी दिलं, एका वर्षी दिलंच नाही, एकदा मुळ्याच किडक्या आल्या. थोरल्यांच्या फेऱ्याही सुटल्या नाहीत. स्वभावच तो, जाणार कुठं. सकाळी एक, न्याहारीला एक, ऊन चढलं की एक. फक्त "झालं का?" असं विचारल्यावर आता डेगीवरून मोठ्यानं उत्तर यायचं, "बिघडलंय, थोरले, हिकडं या." आणि थोरले धोतराचा सोगा सावरत, घाईघाईनं, पण हलक्या मनानं त्या डेगीकडे निघायचे.

तात्पर्य: पडत्या काळात मोठा माणूस आपली चूक जिथं ठेवतो, तिथंच हाताखालचे आपली ठेवतात, त्यानं ती काळ्या रांजणात बुडवली तर सगळ्यांच्या बुडतात, आणि डोक्यावर बांधली तर सगळ्यांच्या उजेडात येतात.